रिपोस्त : प्रतिहल्ला की प्रत्युत्तर?

पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या एका निबंधाचा मराठी अनुवाद अलीकडे आमच्याकडे वाचावयास आला. अल्जीरियातील कबाइल लोकांच्या मानापमानाच्या कल्पनांवरचा हा निबंध, १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात समाविष्ट आहे. अनुवाद तरुण अभ्यासकाचा, आणि कष्टपूर्वक केलेला. त्यात 'आव्हान आणि प्रतिहल्ला' हे जोडपद पानोपानी येत होते. मूळ शब्द 'रिपोस्त', तलवारबाजीतला. प्रतिहल्ला म्हणजे उलटून केलेला हल्ला, तेव्हा यात चूक ती कोणती, असे कोणीही विचारील. पण चूक आहे आणि ती निबंधाच्या गाभ्यालाच लागते, असे आमचे मत आहे.

तलवारबाजीच्या आखाड्यात प्रतिहल्ला आणि रिपोस्त या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समोरच्याचा वार येत असतानाच, तो अडवण्याच्या भरीस न पडता, आपलेही पाते पुढे घालणे हा प्रतिहल्ला. रिपोस्तला मात्र एक पूर्वअट आहे: आधी समोरच्याचे पाते आपल्या पात्यावर घेऊन बाजूस सारले पाहिजे. या अडवणुकीला 'पॅरी' म्हणतात. पॅरीनंतर जो वार होतो तेवढाच रिपोस्त. तोही परतवला गेला आणि त्यावर पुन्हा वार झाला, तर तो प्रति-रिपोस्त.

हा भेद केवळ पंडिती नाही. गुण त्यावर ठरतात. फॉइल आणि सेबर या प्रकारांत दोघांचेही वार एकाच वेळी लागले, तर कोणाचा वार ग्राह्य हे पंच अग्रहक्काच्या नियमाने ठरवतो. ज्याने आधी हल्ला सुरू केला त्याचा हक्क पहिला. तो हक्क पॅरीने मोडतो आणि अडवणाऱ्याकडे जातो. मात्र अडवून तो थबकला, तर आलेला हक्क गमावूनही बसू शकतो. एपे या तिसऱ्या प्रकारात अग्रहक्कच नाही. तेथे दोघेही जवळजवळ एका क्षणी लागले तर दोघांनाही गुण. आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांतले बहुतेक वाद एपेच्या नियमांनी खेळले जातात, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. दोघेही घायाळ, दोघांच्याही खात्यावर गुण, आणि कोणी कोणाचे पाते अडवले म्हणाल तर कोणीच नाही. असो.

'रिपोस्त' हा शब्द फ्रेंचांनी इटालियन 'रिस्पोस्ता'वरून घेतला. त्याचा साधा अर्थ 'उत्तर'. त्यामागचे लॅटिन क्रियापद मुळात 'वचनाला प्रतिवचन देणे' असा अर्थ बाळगून होते. म्हणजे बोलण्यातला शब्द तलवारीच्या धारेवर गेला, आणि पुढे हजरजबाबी उत्तराला रिपोस्त म्हणू लागले तेव्हा तो आपल्या घरी परतला. एदमों रोस्ताँच्या 'सिरानो द बेर्जराक' (१८९७) या नाटकात हे दोन्ही अर्थ एकाच प्रवेशात शेजारी उभे राहतात. व्हिकोंत द व्हाल्व्हेर सिरानोला नाकावरून डिवचतो, तेही अगदी बेचव शब्दांत. सिरानो तो टोमणा झिडकारत नाही. तो हातात घेतो, आणि नाकाची थट्टा करायचीच तर किती तऱ्हांनी करता आली असती हे दाखवत सुटतो. पुढे प्रत्यक्ष द्वंद्वात कविता रचत रचत तो लढतो आणि शेवटच्या ओळीला वार लावतो. लोकांना हा शेवटचा वार आठवतो. आम्हांस त्याआधीचे नाकाचे भाषण अधिक मोलाचे वाटते, कारण खरी पॅरी तिथे आहे.

आपल्याकडे याच्या नेमका उलट प्रवास केलेला एक शब्द आहे. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात वादीच्या म्हणण्यावर प्रतिवादीने द्यावयाच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत: कबुली, नकार, पूर्वीच निवाडा झाल्याचे सांगणे, आणि 'प्रत्यवस्कंदन'. अवस्कंद म्हणजे छापा, हल्ला; तेव्हा प्रत्यवस्कंदनाचा शब्दशः अर्थ प्रतिहल्लाच. पण त्याची व्याख्या पाहा. 'तुझे पैसे घेतले हे खरे, पण ते परत केले आहेत', अशा धर्तीचे उत्तर म्हणजे प्रत्यवस्कंदन. प्रतिपक्षाच्या विधानातले जे खरे ते आधी मान्य करायचे आणि मग कारण देऊन त्याचा दावा निष्फळ करायचा. इटालियनांनी उत्तराच्या शब्दाला तलवार दिली. आपल्या स्मृतिकारांनी हल्ल्याच्या शब्दाला न्यायासनासमोर उभे करून उत्तर द्यायला लावले. रिपोस्तला याहून जवळचा शब्द आम्हांस ठाऊक नाही. आजच्या मराठीत तो उच्चारवणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आता बोर्द्यूकडे वळू. कबाइल समाजात आव्हान देणे हाही समोरच्याचा एक प्रकारे मान असतो, कारण तो उत्तर देण्यास समर्थ आहे हे त्यात गृहीत असते. बरोबरीच्या माणसाच्या आव्हानालाच रिपोस्त द्यायची. जो बरोबरीचा नाही त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे. म्हणून कोणाला उत्तर मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावर त्या समाजातली प्रतिष्ठेची उतरंड दिसते. 'प्रतिहल्ला' या शब्दात हे सारे गळून पडते. हल्ला कोणावरही होऊ शकतो. त्यासाठी समोरच्याला बरोबरीचा मानावे लागत नाही.

हे सांगण्याचा आमचा अधिकार निष्कलंक नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका लेखावर आक्षेप आला होता, की आम्ही एका ग्रंथाच्या दोन आवृत्त्या एकच धरून निष्कर्ष काढला आहे. आम्ही चार पानी उत्तर पाठवले. त्यात आक्षेपकाच्या भाषेचा, वाचनाचा आणि हेतूचा समाचार होता. आवृत्त्यांविषयी एक ओळही नव्हती. मित्रांनी 'सडेतोड' म्हणून पाठ थोपटली. आक्षेप तसाच राहिला, आणि तो बरोबर होता. नवखा अभ्यासक होता. त्यानंतर त्याचे लिखाण आम्ही कुठे पाहिले नाही.

अनुवादाच्या हस्तलिखितात आम्ही 'प्रतिहल्ला' खोडून 'प्रत्युत्तर' लिहिले आहे. तोही शब्द निर्दोष नाही. संस्कृतात त्याचा अर्थ उत्तराला दिलेले उत्तर, म्हणजे काटेकोरपणे पाहता तो प्रति-रिपोस्त होईल. शिवाय वृत्तपत्रांनी 'चोख प्रत्युत्तर' लिहून लिहून त्यालाही तोफेच्या तोंडी दिले आहे. तरी त्यात 'उत्तर' शिल्लक आहे, एवढ्यासाठी तो ठेवला, आणि समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातले. अनुवादकाला ते पटले नाही तर त्याने कारणासह कळवावे, असेही खाली लिहिले आहे.