वसईचे फादर

२५ जुलै २०२४ ला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. आमची कधी भेट नव्हती, तरी घरचंच कुणी गेल्यासारखं झालं. अम्मी म्हणाली, “तेच ना, संमेलनाचे पाद्रीबाबा?” तेच. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. धर्मगुरूला हा मान कशाला, म्हणून विरोध झाला. फादर डगमगले नाहीत. डगमगणार कसे? वसईची हिरवाई वाचवायला ते रस्त्यावर उतरले होते. ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं. मला अजून लोक कौतुकानं विचारतात, “मॅडम, तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?” पूर्वी मी नुसती हसायची. त्या संमेलनानंतर सांगते, “घरचंच आहे.” उद्या आठवीच्या वर्गात ‘ओअ‍ॅसिसच्या शोधात’ घेऊन जाणार आहे.