ॲप, एसएमएस की सूचनाफलक? कायदा काय सांगतो

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्याचे जाहीर केले. पोर्टल आणि ॲप आधीच आहेत. दर वेळी सांगितले जाते, की आता हेलपाटे संपले. कोणाचे संपले?

वसई-विरारपुरते बोलू. पहाटेची विरार लोकल पकडून कामाला जाणारा माणूस परततो तेव्हा तहसील आणि महापालिकेच्या खिडक्या बंद झालेल्या असतात. त्याचा खाडा वाचवायचा तर ऑनलाइन सेवा हवीच. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, तलाठ्यामागे फिरावे लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

पण माध्यमामाध्यमात फरक आहे. पोर्टलवर कागद स्कॅन करून ठरावीक आकारात चढवावे लागतात. साध्या मोबाईलवर ते जमत नाही, म्हणून माणूस सायबर कॅफे गाठतो आणि मधला माणूस पुन्हा उभा राहतो. व्हॉट्सॲप सोपे खरे, परंतु त्याला स्मार्टफोन, डेटापॅक आणि एका परदेशी खाजगी कंपनीची मर्जी लागते. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. मात्र त्यात इंग्रजी १६० अक्षरे मावतात, देवनागरी फक्त ७०. म्हणजे मायबोलीतला निरोप दुप्पट महाग! निरक्षर आजीला तर फोनवर बोलून सांगणारी यंत्रणाच हवी.

जातीच्या दाखल्याचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीसाठी परत आला आणि ते लॉगिन केल्याशिवाय कळणारच नसेल, तर मुदत टळते. नुकसान पोराचे होते. दप्तरी नोंद मात्र ‘ऑनलाइन कळविले’ अशी राहते.

आता कायदा पाहा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४(४) : माहितीचा प्रसार खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घेऊन करायचा आहे. स्पष्टीकरणात सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा आणि इंटरनेट एकाच रांगेत बसवले आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. दृष्टिहीन आणि ॲसिडहल्लाग्रस्त व्यक्तींना ई-केवायसी करता येत नव्हती, त्यावरचा हा निकाल. यंत्र माणसाला ओळखत नसेल तर बदलायचे यंत्राने, हा त्याचा सरळ अर्थ.

म्हणून कार्यकर्त्यांनी महापालिकेला आणि तहसील कार्यालयाला लेखी विचारावे : पेल्हार, वालीव, गोखिवऱ्याच्या चाळींसाठी परिणामकारक पद्धत कोणती ठरवली? कोणत्या आदेशाने? ३० दिवसांत उत्तर नाही आले तर प्रथम अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोग. विशिष्ट माहिती प्रसिद्ध करण्याचा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला कलम १९(८) नुसार आहे. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत.