वजूच्या चौकीचा पाय

अम्मींच्या वजूच्या लाकडी चौकीचा पाय निखळला होता. घरात पांढरा गोंद होता, तोच लावून मी पाय बसवला. दुसऱ्या दिवशी ठोकून पाहिला तर दगडासारखा घट्ट. तिसऱ्या आठवड्यात फजरला अम्मी चौकीवर टेकल्या आणि पाय सटकला. हाताशी नळ होता म्हणून सावरल्या, अल्हम्दुलिल्लाह. सांध्यातला गोंद पाहिला, तर तो पांढरट आणि ओल्या रबरासारखा मऊ झालेला.

पाणी आत गेलं कुठून? फट तर नव्हती. पण गोंद म्हणजे शेवयांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या. पाण्याचा रेणू इतका लहान, की तो त्यांच्यामधून सरकतो. जिथे ओल जास्त तिथून कमी असेल तिकडे. याला विसरण म्हणतात. त्याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ फिक यांनी 1855 मध्ये मांडला. ओल दुप्पट खोल जायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणूनच पहिले काही दिवस सांधा फसवतो. चौकी मध्ये वाळली तर ओल परतते, पण आमची दिवसातून पाच वेळा भिजत होती. शिवाय लाकूड स्वतः पाणी पिऊन फुगतं आणि सांधा ताणतं.

पांढऱ्या गोंदाचं आणखी एक आहे. तो दुधासारखा, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण. ते एकत्र गोळा होऊ नयेत म्हणून त्यात बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं. (नावाने दचकू नका, ही दारू नव्हे; रसायनशास्त्रातलं ते कुळाचं नाव.) त्याला पाण्याची ओढ असते आणि गोंद वाळल्यावरही ते आतच राहतं. आत आलेलं पाणी साखळ्या सैल करतं. कोरड्या कपाटाला हा गोंद उत्तम, मोरीत नको.

दोन नळ्यांतलं मिसळून लावायच्या इपॉक्सीत साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात, जाळ्यासारख्या. पाणी तिथेही थोडं शिरतं, पण जाळं सहसा उसवत नाही. प्लायवूडचंही असंच: 'एमआर' शिक्का हवेतल्या दमटपणापुरता. सिंकखाली 'बीडब्ल्यूआर' किंवा आयएस 710 चं मागा, दुकानदार काहीही म्हणो.

सुताराने जुना गोंद खरवडून, लाकूड चार दिवस सुकवून इपॉक्सी लावली आणि वर एक स्क्रूही मारला. आता इशानंतर मी चौकी उलटी करून बाहेर ठेवते. अम्मी मात्र अजून बसण्याआधी पायाने हलवून बघतात.