ज्ञानाचे माध्यम

ध्वनीला माध्यम लागते; निर्वात पोकळीत घंटा कितीही बडवली तरी ती ऐकू येत नाही. ज्ञानाचेही तसेच आहे. १९५६ साली राज्यघटनेत आलेले ३५०-अ हे कलम मातृभाषेतील शिक्षणाची सोय प्राथमिक पायरीपुरतीच सांगते. परंतु तरंगांचा खरा अभ्यास हायस्कुलातच सुरू होतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, प्रकाश तीन लक्ष किलोमीटर. म्हणून वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी जांभळ्याहून अधिक. म्हणून लोलकातून तो कमी वळतो. हा ‘म्हणून’ सीमाभागातील मराठी मुलाने मराठीतून समजून घ्यावयाचा, की परक्या भाषेतील व्याख्या घोकावयाच्या? रामन यांनी तबला-मृदंगाच्या नादातून शास्त्र शोधले. आमच्या मुलांना मात्र ते पाठांतरातून शोधण्याची सक्ती! कानडीशी आमचे वैर नाही. वैर आहे ते या सक्तीशी. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर पिढी थांबत नाही. मराठी हायस्कुलांना मराठी शास्त्रशिक्षक, मराठी पाठ्यपुस्तके, नादकाटा नि लोलक मिळालेच पाहिजेत. ही भीक नव्हे, हक्क आहे!