बाईंचा तास : चाक गेलं तरी चालेल!



आमच्या सातारा जिल्ह्यात कुठल्याही गावात जा, घरात नाही तर गल्लीत तरी एक फौजी सापडतोच. माझ्या चौथीच्या वर्गातही अशी एक मुलगी आहे. तिचे बाबा सी.आर.पी.एफ.मध्ये आहेत, नेमणूक छत्तीसगडला. परवा तिने वर्गात बाबांचा फोटो आणला. मागे साग-सालाचे जंगल, लाल मातीचा रस्ता आणि बाबांच्या पाठीशी एक उंचच उंच गाडी.

झालं! सगळा वर्ग फोटोवर तुटून पडला.

"बाई, हा रणगाडा आहे!"

"हॅट्, रणगाड्याला पट्टे असतात. हिला चाकं आहेत. हा ट्रक आहे."

"मग ट्रकला एवढ्या जाड काचा कशाला?"

मधल्या सुट्टीत बाकीचे डबे घेऊन पळाले. ती मात्र माझ्या टेबलाजवळ रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "बाई, ही गाडी सुरुंगावरून गेली तरी फुटत नाही ना? बाबा म्हणाले, फुटत नाही. खरं का?"

आता आली का पंचाईत! खोटे सांगणे बरे नव्हे आणि लेकराला घाबरवणेही बरे नव्हे. मी म्हणाले, "उद्या सांगते." मग संध्याकाळी पुस्तके काढून बसले. जे कळले ते दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितले, तेच आज तुम्हाला सांगते.

फोटोतल्या गाडीचा वंश शोधत गेलो, तर आपण थेट आफ्रिकेत जाऊन पोचतो. तिथल्या तिच्या थोरल्या बहिणीचे नाव आहे 'कॅस्पिर'.

गोष्ट १९७० च्या दशकातली. आज ज्याला आपण नामिबिया म्हणतो, त्या देशावर तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारचा ताबा होता. नामिबियाचे लोक स्वातंत्र्यासाठी लढत होते. रस्ते बहुतेक मातीचे आणि वाळूचे. रात्रीत खड्डा करायचा, त्यात सुरुंग पुरायचा आणि वरून माती सारखी करायची. सकाळी जी गाडी त्यावरून जाईल, ती उडणार! सुरुंगाला डोळे नसतात. वरून लष्कराचा ट्रक गेला की गावातली प्रवासी गाडी, हे त्याला कळत नाही.

साधा ट्रक अशा वेळी का टिकत नाही? कारण त्याचे पोट सपाट असते. दिवाळीत काही आगाऊ मुले सुतळी बॉम्बवर डबा पालथा घालतात. (तुम्ही तसे मुळीच करायचे नाही हं!) डबा कसा झाडाएवढा उंच उडतो! स्फोटाचा सगळा जोर डब्यात अडकतो आणि त्याला वर ढकलतो. सपाट पोटाच्या ट्रकचे असेच होते. सुरुवातीला सैनिक ट्रकच्या तळाशी वाळूची पोती टाकून बसत. पण त्याने किती भागणार?

तेव्हा दक्षिण आफ्रिकेतले शास्त्रज्ञ कामाला लागले. डॉ. व्हर्नन जॉइंट हे त्यांच्यातले एक मोठे नाव. त्यांनी जी युक्ती वापरली, ती तुम्ही घरच्या नळाखाली करून पाहू शकता.

एक ताटली नळाखाली आडवी धरा आणि नळ जोरात सोडा. पाणी चहूकडे उडेल आणि ताटली हाताला खाली दाबेल. आता एक जाड पुठ्ठा मधोमध दुमडा, कौलारू घराच्या छपरासारखा. त्याची कड नळाखाली धरा. पाणी दोन्ही बाजूंनी घसरून जाईल. हाताला धक्का कितीतरी कमी!

नळाचे पाणी वरून येते, सुरुंगाचा दणका खालून येतो. म्हणून त्यांनी छप्पर उलटे केले आणि गाडीच्या पोटाला लावले. म्हणजे कॅस्पिरचे पोट सपाट नाही, तर इंग्रजी व्ही अक्षरासारखे आहे. खालून आलेला दणका त्या उतारावरून दोन्ही बाजूंना निघून जातो आणि आतला माणूस वाचतो. आहे की नाही गंमत? आपल्या कोकणातले घर जी युक्ती पावसासाठी वापरते, तीच युक्ती इथे स्फोटासाठी!

पण एवढ्यावर भागत नाही. आणखी तीन युक्त्या आहेत.

पहिली, उंची. स्फोटापासून जितके लांब, तितका त्याचा जोर कमी. म्हणून कॅस्पिरचे पोट जमिनीपासून चांगले उंच ठेवले.

दुसरी युक्ती मला सगळ्यांत आवडली. या गाडीची चाके आणि आस पोलादी कवचाच्या बाहेर असतात. सुरुंगावर आधी काय जाते? चाक. मग जाऊ दे चाक! ते तुटून लांब उडाले तरी माणसांची पेटी शाबूत राहते. इंजिन आणि आस नेहमीच्या ट्रकच्या जातीचे, त्यामुळे मोडलेला भाग काढून दुसरा बसवता येतो. गाडी पुन्हा रस्त्यावर! चाक गेलं तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे. ही गाडी बनवणाऱ्यांनी आधी हे ठरवले आणि मग कागदावर पेन्सिल टेकवली.

तिसरी युक्ती तुम्हाला साधी वाटेल, ती म्हणजे पट्टा. गाडी फुटली नाही तरी ती जोरात उसळते. पट्टा बांधला नसेल तर आतला माणूस छतावर आपटतो. इतके पोलाद भोवती असून, पट्ट्यावाचून जीव जाऊ शकतो!

या सगळ्याचा हिशेब असा. रणगाडे उडवणाऱ्या एका मोठ्या सुरुंगात साधारण ७ किलो स्फोटक असते. असे तीन सुरुंग एकावर एक रचून चाकाखाली फुटले, म्हणजे २१ किलो, तरी आतली माणसे वाचावीत, अशी कॅस्पिर बनवली गेली. थेट पोटाखाली दोन, म्हणजे १४ किलो. गाडीचे वजन सुमारे ११ टन आणि आत बसतात चौदाएक माणसे.

'कॅस्पिर' हे नाव कुठून आले, माहीत आहे? गाडी बनवली सी-एस-आय-आर या तिथल्या संशोधन संस्थेने. (आपल्याकडेही याच अक्षरांची संस्था आहे, ती वेगळी.) आणि ती बनवली दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांसाठी, म्हणजे एस-ए-पी साठी. ही सात इंग्रजी अक्षरे कागदावर लिहा आणि जागा बदलून बघा. सापडलं ना नाव?

पुढे कॅस्पिरचे कुटुंब वाढले. एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या कामाच्या गाड्या बनल्या आणि त्यांना तिथल्या हरणांची नावे दिली गेली. सामान वाहणारी ती 'ब्लेसबॉक'. या हरणाच्या तोंडावर पांढरा पट्टा असतो. डिझेलची टाकी घेऊन जाणारी ती 'डायकर'. हे इवलेसे हरिण चाहूल लागताच झुडपात बुडी मारते. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारी ती 'गेम्सबॉक', लांब सरळ शिंगांचे दणकट हरिण. आणि एक होती 'प्लॉफॲडर'. ही रॉकेटने स्फोटकांची लांब दोरी सुरुंगांच्या शेतावर फेकते. दोरी फुटली की खालचे सुरुंगही फुटतात आणि वाट मोकळी होते. 'पॉफॲडर' हा तिथला विषारी साप, आपल्या घोणशीचा भाऊबंद. 'प्लॉफ' म्हणजे स्फोट. दोन शब्द जोडून नाव केले!

इथे एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे कॅस्पिर लई भारी!"

थांब. गोष्टीची दुसरी बाजूही ऐकायला हवी.

त्या काळात दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांना मताचा अधिकार नव्हता. त्यांनी राहायचे कुठे हेसुद्धा सरकार ठरवी. नेल्सन मंडेला यांनी याविरुद्ध लढा दिला आणि २७ वर्षे तुरुंगात काढली, हे तुम्ही वाचले असेल. १९८० च्या दशकात काळ्या वस्त्यांमध्ये लोक हक्कांसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर पोलीस याच कॅस्पिर घेऊन येत. आतल्या माणसाला ती आईच्या कुशीसारखी. पण बाहेर, तुमच्याच वयाच्या मुलांना तिचा नुसता आवाज ऐकून धडकी भरे. गाडी तीच, पोलाद तेच. ते कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, यावर सगळे अवलंबून. हे मी वर्गात सांगितले तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

नामिबिया १९९० साली स्वतंत्र झाला. १९९४ साली मंडेला दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. मग कॅस्पिरचे काय? तिला नवे काम मिळाले. युद्धे संपली तरी जमिनीत पुरलेले सुरुंग तसेच राहतात. शेजारच्या मोझांबिकमध्ये असे किती तरी होते. तिथे कॅस्पिरमधून माणसे जात आणि रस्त्याकडेची हवा छोट्या गाळण्यांतून ओढून घेत. ती गाळणी मग शिकवलेल्या कुत्र्यांना हुंगायला देत. कुत्र्याने खूण केली की फक्त तेवढाच तुकडा तपासायचा! लढाईतली गाडी आता गावकऱ्यांच्या वाटा मोकळ्या करू लागली. पुढे रॅल्फ झिमन नावाच्या कलावंताने एक जुनी कॅस्पिर मिळवली आणि कारागिरांच्या मदतीने ती रंगीत मण्यांनी मढवली. सुमारे ७ कोटी मणी! २०१६ साली ती केपटाऊनच्या कलादालनात लोकांनी पाहिली. ज्या गाडीला बघून मुले पळत, तिला आता जवळ जाऊन बघता येत होते.

आता आपल्या देशात येऊ. १९९० चे दशक संपता संपता भारतानेही कॅस्पिर विकत घेतल्या. मग तेलंगणातल्या मेडकच्या कारखान्यात आपली स्वतःची सुरुंगरोधक गाडी तयार होऊ लागली. तिचे नाव 'आदित्य'. आपला महाराष्ट्रही मागे नाही. पुण्याच्या भारत फोर्जची 'कल्याणी एम-४' ही दक्षिण आफ्रिकेच्याच एका गाडीवर आधारलेली. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी एप्रिल २०२२ मध्ये खडकी इथे तिला लष्करात सामील केले. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेने टाटा कंपनीबरोबर 'व्हॅप' ही आठ चाकांची चिलखती गाडी घडवली आहे. या गाड्या म्हणजे कुणाच्या तरी बाबांची, काकांची, दादाची पोलादी छत्रीच.

आणि आता त्या मुलीचा प्रश्न. गाडी फुटत नाही, हे खरं का?

मी तिला जवळ बसवले आणि म्हणाले, "बाळ, कुठलीही गाडी अशी नाही की जी कधीच फुटणार नाही. पण या गाडीत बाबा साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त सुरक्षित आहेत. शिवाय नुसती गाडी नसते. रस्ता तपासणारी माणसं पुढे चालतात, वास घेणारी कुत्री असतात."

तुमच्यातल्या मोठ्या मुलांसाठी मात्र इथे स्पष्ट लिहिते. सुरुंग पेरणाराही गाडी बघून स्फोटके वाढवतो. १३ मार्च २०१८ रोजी छत्तीसगडच्या सुकमा जिल्ह्यात अशीच एक सुरुंगरोधक गाडी उद्ध्वस्त झाली आणि सी.आर.पी.एफ.चे ९ जवान शहीद झाले. आपल्या गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी १५ पोलीस आणि एक चालक सुरुंगस्फोटात गेले. ते तर साध्या गाडीने निघाले होते. म्हणून 'काही होत नाही' असे म्हणायचे नाही. माणूस वाचवण्यासाठी जे जे करता येते ते सगळे करायचे, एवढेच आपल्या हाती.

माझे बोलणे ऐकून ती रडली नाही. थोडा वेळ गप्प बसली. मग विचारले, "बाई, तो पट्टा बाबा बांधत असतील ना?"

मी म्हणाले, "तूच विचार की!"

तिने वहीचा कागद फाडला आणि पत्र लिहिले. शाळेची खबरबात, आजीचा गुडघा, म्हशीला झालेले रेडकू, सगळे लिहून झाल्यावर शेवटी मोठ्या अक्षरांत : 'बाबा, गाडीत बसल्यावर पट्टा बांधायचा. विसरायचं नाही. बाईंनी सांगितलंय.'

मी काय सांगणार! पण पत्र मी स्वतः पेटीत टाकून आले.

डोकं चालवा
१. कौलारू छप्पर आणि कॅस्पिरचे पोट यांत सारखे काय आणि उलटे काय?
२. ओढणाऱ्या गाडीला 'गेम्सबॉक' हेच नाव का दिले असेल? तुम्ही तिला आपल्याकडच्या कोणत्या प्राण्याचे नाव द्याल?
३. आठवडाभर वहीत नोंद करा : घरातल्या कोणी किती वेळा हेल्मेट घातले, मोटारीत पट्टा बांधला आणि किती वेळा 'जवळच तर जायचंय' म्हणून टाळले?

पालकांसाठी : तिसऱ्या प्रश्नाची वही मुलांकडून मागून जरूर पाहा. नापास कोण होते ते कळेल!

तुमच्या,
बाई