बोटांचा हिशेब झाला, मेंदूचे काय?

यंत्राखाली गेलेल्या बोटाची किंमत कायद्याला तोंडपाठ आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी, तर्जनी गेल्यास 14 टक्क्यांनी घटते, असे नमूद होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही यादीची ही पद्धत पुढे चालविली. मात्र ज्याचे हातपाय शाबूत आहेत, पण डोक्याला मार बसून विवेक, स्मृती वा वाणी दुखावली आहे, त्याच्यासाठी या यादीत रकाना नाही. त्याचे नुकसान डॉक्टरांच्या मूल्यमापनावर सोडलेले आहे.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. पाळी गाठण्यासाठी हजारो कामगार अवजड मालमोटारींच्या गर्दीतून दुचाकीवर ये-जा करतात. कामावर जाता-येता झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध असल्यास, कामावरचाच मानावा, हे राज्य विमा कायद्याने 2010 मध्ये मान्य केले. परंतु अपघात मान्य होणे वेगळे आणि इजा ओळखली जाणे वेगळे.

मेंदूच्या प्रत्येक खंडाची इजा आपापल्या परीने प्रकट होते. डोक्याच्या मागील पश्चखंडाला धक्का बसला, तर डोळे निरोगी असूनही दृष्टीचा काही भाग हरपतो. कानशिलामागील शंखखंड दुखावल्यास नवे काही स्मरणात राहत नाही, ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लागेनासा होतो. पार्श्वखंडाच्या इजेने अंतराचा व दिशेचा अंदाज चुकतो. यंत्रावर काम करणाऱ्याला तो जिवावर बेतू शकतो. कपाळामागील ललाटखंडाची इजा सर्वांत फसवी. मनुष्य चालतो, बोलतो, हिशेबही करतो. परंतु कामाची आखणी, संयम आणि परिणामांचा विचार त्याला सोडून जातात.

याचे प्रसिद्ध उदाहरण एका कामगाराचेच आहे. 1848 मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट येथे रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाची दारू ठासताना स्फोट होऊन सुमारे सहा किलोची लोखंडी पहार फिनिअस गेज या मुकादमाच्या डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा स्वभाव इतका पालटला, की एके काळी त्याची वाखाणणी करणाऱ्या कंत्राटदारांनी त्याला पुन्हा त्या जागेवर घेतले नाही. मात्र पुढे त्याने चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकली. ठरावीक शिस्तीच्या कामाने असा मनुष्य सावरू शकतो, हा त्या कथेचा दुर्लक्षित उत्तरार्ध होय.

आज असा कामगार परतला, तर काय घडते? सी. टी. स्कॅनमध्ये काही दिसले नाही, तरी मेंदूतील तंतूंना इजा झालेली असू शकते. जखम भरली की ‘कामास योग्य’ असा दाखला मिळतो. मग मुकादमाशी खटके, विसरलेल्या सूचना, गैरहजेरी आणि शेवटी बेशिस्तीच्या ठपक्याखाली चौकशी. कंत्राटी कामगाराला तर तीही लाभत नाही. घरची माणसे म्हणतात, माणूस बदलला. व्यवस्थापन म्हणते, माणूस बिघडला. इजा झाली, असे कोणीच म्हणत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांतही अपघातजन्य मेंदूइजेची स्वतंत्र नोंद नाही.

उपाय आवाक्याबाहेरचा नाही. डोक्याला मार बसलेल्या प्रत्येक कामगाराची दाखल्यापूर्वी स्मृती, अवधान व निर्णयशक्ती तपासावी, काही महिन्यांनी ती तपासणी पुन्हा करावी, झेपेल असे काम द्यावे आणि या इजेला परिशिष्टात स्थान द्यावे. दुचाकीस्वारास हेल्मेट सक्तीचे करणाऱ्या कायद्याने डोक्याचे मोल मान्य केलेलेच आहे. नुकसानभरपाईच्या कायद्याने ते अमान्य करण्यात कोणता न्याय आहे?