वाचनाच्या तासाला आग

धडा घडाघडा वाचणारे, पण ‘काय वाचलंस?’ विचारले की गप्प होणारे मूल प्रत्येक भाषाशिक्षकाच्या ओळखीचे आहे. त्यावरचा आपला ठरलेला इलाज म्हणजे आणखी उतारे: आज मोराचा, उद्या दिवाळीचा, परवा शिवनेरीचा. आमच्या मते दोन-तीन आठवडे एकाच विषयाला चिकटून राहणे अधिक फायद्याचे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. बेसबॉल सामन्याचे वर्णन वाचल्यावर, वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आकलन हे सुटे कौशल्य नसून विषयाच्या माहितीवर उभे असते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

असा एक विषय म्हणून आम्ही अग्निशमन सुचवतो. अग्निशमनच का? कारण या विषयात मजकुराला विचार करूनच भिडावे लागते. एका परिच्छेदात मूल वाचते की पाणी उष्णता काढून घेते, म्हणून आग विझते. पुढच्यात वाचते की कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच टाकू नये. गॅस बंद करून झाकण ठेवावे. दोन्ही विधाने खरी कशी? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते. हा दुवा जुळवणे म्हणजेच आकलन. रिकाम्या जागा भरून ते तपासता येत नाही.

पण ज्याला अक्षरेच जुळवता येत नाहीत त्याचे काय, हा आक्षेप रास्त आहे. अक्षरओळखीचा सराव वेगळा चालूच हवा. अशा मुलाला मजकूर वाचून दाखवला तरी माहिती आणि शब्द त्याच्याकडे जमा होतात. ‘ज्वलनशील’, ‘अग्निशामक’ हे जोडाक्षरी शब्द अवघड खरे, पण ते आठवडाभरात दहा वेळा भेटतात. मुले घाबरतील, ही शंकाही घेतली जाते. भीती मोघम इशाऱ्यांनी वाढते. काय करायचे ते ठाऊक असले की कमी होते.

अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. जहाजात कापसाच्या गाठीही होत्या आणि दारूगोळाही. सहावी-सातवीला कार्यकारणभाव शिकवायला याहून चांगला मजकूर शोधावा लागणार नाही. पण त्या दिवशी आंबेडकर जयंती असते आणि पाठोपाठ वार्षिक परीक्षांची घाई, त्यामुळे हा विषय शाळेत राहूनच जातो. तो जुलैत घ्या. सुरुवात व्हरांड्यातल्या लाल नळकांड्यापासून करा. त्यावरच्या सूचना इंग्रजीत असतील, तर मुलांकडून सोप्या मराठीत लिहून घ्या, जाणकाराकडून तपासून घ्या आणि शेजारी लावा.